प्रश्न आपला, पैसा सरकारचा

मार्च महिना जवळ आला की शाळेच्या कार्यालयात एक ओळखीची धावपळ सुरू होते. सादिल अनुदान उशिरा आलेले असते आणि ते ३१ मार्चच्या आत खर्च करायचे असते. पावत्या लावायच्या, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचे. प्रयोगशाळेला परीक्षानळ्या हव्या असतात, पण पैसे आलेले असतात दुरुस्तीसाठी. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आम्हा मंडळींची स्थिती याहून फारशी वेगळी नसते.

पाठ्यपुस्तकात शोध असतो, शोध लावणाऱ्याचे नाव असते. त्या शोधाचा खर्च कोणी केला, कसा केला आणि मध्येच पैसे थांबले तेव्हा काय झाले, हे मात्र त्यात नसते. विज्ञान कसे चालते हे समजून घ्यायचे तर ही बाजूही पाहायला हवी.

अनुदान म्हणजे नेमके काय?

एक उदाहरण घेऊ. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. समजा, एका प्राध्यापकांना प्रश्न पडला की पावसाळ्यानंतर हे प्रमाण घटते की वाढते? उत्तरासाठी निदान तीन वर्षे, दरवर्षी पावसाच्या आधी आणि नंतर, त्याच विहिरींचे पाणी तपासावे लागेल.

ते प्रस्ताव लिहितात. तज्ज्ञ तो तपासतात आणि तीन वर्षांसाठी अनुदान मंजूर होते. पण मंजुरी म्हणजे हातात पैसे नव्हेत. रक्कम वेगवेगळ्या लेखाशीर्षांत वाटलेली असते. उपकरणे, रसायने व काचसामान, प्रकल्पावरील संशोधक विद्यार्थ्याचे मानधन, प्रवास, सादिलवार खर्च आणि विद्यापीठाचा वरखर्च, असे प्रत्येकाचे खाते वेगळे. एका खात्यातले पैसे दुसऱ्यात वळवायचे तर बहुधा परवानगी लागते. पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि मागच्या हप्त्याचा हिशेब गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही.

आता समजा, जूनमध्ये अपेक्षित असलेला पहिला हप्ता ऑक्टोबरात आला. पहिला पावसाळा गेला. तीन वर्षांच्या प्रकल्पात आता दोनच पावसाळे उरले. सरकारच्या दृष्टीने ही चार महिन्यांची दिरंगाई झाली, संशोधनाच्या दृष्टीने एक पूर्ण वर्ष बुडाले. एखादे प्रमाणपत्र अडकले की मानधनही अडकते आणि खोलीचे भाडे भरणारा विद्यार्थी नोकरीच्या जाहिराती पाहू लागतो. तो गेला तर दोन वर्षांत त्याच्या हाताला लागलेले वळणही त्याच्याबरोबर जाते.

अग्रक्रम का बदलतात?

सरकारचे अग्रक्रम बदलणे यात मुळात गैर काही नाही. पैसा जनतेचा आहे आणि देशाच्या गरजा बदलत असतात. आपल्याकडचीच उदाहरणे पाहा. २००७ मध्ये अतिसूक्ष्म पदार्थांच्या संशोधनासाठी नॅनो मिशन आले, एक हजार कोटी रुपयांचे. २०१८ मध्ये संगणक व यंत्रे यांना जोडणाऱ्या सायबर-भौतिक प्रणालींसाठी ३,६६० कोटींची मोहीम मंजूर झाली. २०२३ मध्ये हरित हायड्रोजन व क्वांटम तंत्रज्ञान यांच्या मोहिमा आल्या. त्यातील क्वांटम मोहीम ६,००३ कोटींहून अधिक रकमेची आहे.

पैसे देणारी यंत्रणाही बदलते. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ २००८ च्या कायद्याने स्थापन झाले. २०२३ च्या कायद्याने ते अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले. या प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचे ठरले. त्यातील मोठा वाटा सरकारकडून नव्हे, तर उद्योग व इतर खाजगी स्रोतांकडून येईल अशी अपेक्षा धरली आहे. यंत्रणा बदलली की अर्जाचे नमुने, मुदती, हिशेबाच्या पद्धती सारेच बदलते. मोठ्या संस्थांत हे सांभाळायला स्वतंत्र कार्यालये असतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात तीच प्राध्यापक मंडळी तास घेतात, उत्तरपत्रिका तपासतात आणि रात्री संगणकावर बिलेही चढवतात.

आलेखातली एक फट

अग्रक्रम बदलले की विज्ञानाचे नेमके काय नुकसान होते? अमेरिकेतले एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. १९५८ मध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. पैसे मिळाले होते ते आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने. त्या वेळी प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. दोन-तीन वर्षांतच दिसले की ते दरवर्षी ऋतूंप्रमाणे वरखाली होते आणि शिवाय वर्षागणिक वाढतही जाते.

निमित्त सरले, पुढे पैशांची ओढाताण सुरू झाली. १९६४ मध्ये सरकारी खर्चातील कपातीमुळे मौना लोआवरचे मोजमाप काही महिने बंद पडले. त्या वर्षीच्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या जागी आजही खरे आकडे नाहीत, आजूबाजूच्या आकड्यांवरून काढलेला अंदाज आहे. पुढे सत्तरच्या दशकात असा आक्षेप निघाला की हे तर रोजचेच मोजमाप, याला मूलभूत संशोधन का म्हणावे? कीलिंग यांनी वेगवेगळ्या सरकारी खात्यांकडे पुन्हा पुन्हा मदत मागितली, पण मोजण्याची पद्धत आणि अचूकता यांत तडजोड केली नाही. आज ते प्रमाण ४२० च्या वर गेले आहे आणि हवामानबदलाच्या कोणत्याही चर्चेत हा आलेख असतोच. बंद पडलेले उपकरण दुरुस्त करता येते, उशिरा का होईना पैसे मिळवता येतात. न मोजलेला एप्रिल मात्र परत मोजता येत नाही.

मग संशोधकाने काय करावे?

पहिली गोष्ट, न बदलणारा प्रश्न आणि बदलता येणारी मांडणी यांत फरक करावा. २०१९ मध्ये जल जीवन मिशन जाहीर झाले, तेव्हा फ्लोराइडचा अभ्यास पिण्याच्या पाण्याच्या गुणवत्तेशी जोडणे अगदी प्रामाणिक होते, कारण तो संबंध खराच आहे. त्याच प्रस्तावाला चलती आहे म्हणून क्वांटमचे शेपूट लावणे मात्र फसवणूक आहे, आणि तज्ज्ञांच्या ते लगेच लक्षात येते.

दुसरी, कामाचा गाभा कमीत कमी खर्चात चालेल असा आखावा. पन्नास विहिरींचे पैसे मिळाले तरी त्यातल्या दहा अशा निवडाव्यात, की हप्ता थांबला तरी एसटीने जाऊन त्यांचे नमुने आणता येतील. मालिका तुटू नये हे महत्त्वाचे.

तिसरी, सर्व भार एकाच अनुदानावर टाकू नये. उपकरण एका योजनेतून, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती दुसऱ्या योजनेतून अशी विभागणी जमली तर एक दोरी तुटल्याने सगळे कोसळत नाही. एकच खर्च दोन ठिकाणी दाखवायचा नाही, हे ओघाने आलेच.

चौथी, हिशेब त्या त्या आठवड्यातच लिहावा. वर्षअखेरीस पावत्या शोधण्यात गेलेला महिना प्रयोगशाळेतूनच वजा होतो.

पण सगळा भार संशोधकावर टाकणे बरोबर नाही. विद्यापीठात अनुदानाचे नियम जाणणारे निदान एक-दोन कायम कर्मचारी हवेत. कोणती योजना बंद होते आहे, कोणती सुरू होते आहे, कोणता अहवाल केव्हा जायचा आहे, याची नोंदवही त्यांच्याकडे हवी. हप्ता लांबला तर विद्यार्थ्यांचे मानधन तात्पुरते देता येईल असा छोटा राखीव निधी हवा. आणि सरकारने अग्रक्रम जरूर बदलावेत, पण चालू प्रकल्पांना दिलेला शब्द पाळून. नव्या मोहिमांसाठी लागणारी माणसे जुन्या, साध्या दिसणाऱ्या प्रकल्पांतूनच तयार झालेली असतात.

वर्गात हे कसे आणता येईल? विद्यार्थ्यांना एक काम द्या. शाळेच्या आवारात रोज ठरलेल्या वेळी तापमान मोजायचे, सलग वर्षभर. सुट्टीत कोण मोजेल, तापमापक फुटला तर नवा कशातून घ्यायचा, चार दिवस राहून गेले तर वहीत काय लिहायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. राहून गेलेल्या दिवसांची जागा कोरीच ठेवायची, मनाने आकडा भरायचा नाही, एवढा एकच नियम आपण घालून द्यावा.