तुपाच्या नावाचं ताक

बाटलीतला जपानी चहा मराठी जिभेला पहिल्या घोटाला फसवणूक वाटतो. साखर नाही, दूध नाही, आलं आणि गवती चहा तर नाहीच. फिकट हिरवं, गार, किंचित कडू पाणी आणि त्याला ओल्या गवताचा, थोडासा समुद्री शेवाळाचा वास. दुसऱ्या घोटाला कडूपणा जिभेच्या मुळाशी सरकतो. अर्धी बाटली संपेपर्यंत लक्षात येतं, की हे पेय चहाच्या खात्यात मांडलं हीच चूक झाली. ते पाण्याच्या खात्यातलं आहे. माठात वाळ्याची जुडी टाकली की पाणी जसं बदलतं, तसं आणि तेवढंच हे बदललेलं असतं.

प्रस्तुत लेखकाला बाटलीवरचं लेबल वाचायची खोड जुनी. खाण्यापिण्याच्या वस्तूंची नावं कुठून येतात, कोण ठेवतं, कोणाच्या गळी उतरत नाहीत, हा छंद पेय चाखण्यापेक्षाही खर्चीक ठरला. या बाबतीत जपानइतका खजिना दुसरीकडे नाही. त्या देशात पेयं विकणारी स्वयंचलित यंत्रं वीस लाखांच्या वर आहेत. एकाच यंत्रात निळ्या पट्टीखाली गार आणि लाल पट्टीखाली गरम बाटल्या मिळतात.

गरम पट्टीत ‘होजिचा’ दिसला तर तो आधी घ्यावा. चहाची पानं भाजून केलेला, धुरकट वासाचा, कडूपणा जवळजवळ नसलेला हा चहा आपल्या माणसाला लगेच आवडतो. ‘मुगिचा’ हा नावाला चहा. त्यात चहाचं पान नसतं, भाजलेले जव असतात. जपानी घरांत उन्हाळाभर तो फ्रीजमध्ये भरून ठेवलेला असतो. चवीला तो लाह्यांच्या पाण्याचा सख्खा चुलतभाऊ. फरक इतकाच, की आपण लाह्यांचं पाणी आजाऱ्याला देतो आणि तिथे मुगिचा शाळकरी पोरं घटाघटा पितात. ‘पोकारी स्वेट’ बाजारात आलं 1980 साली, तेही शिरेतून द्यायची सलाइनं बनवणाऱ्या औषध कंपनीकडून. नावातच घाम आहे. जुलाब झाल्यावर आजीने पाजलेली जलसंजीवनी ज्यांना आठवते, त्यांना ही चव नवी नाही.

हिरव्या चहाची गोष्ट मात्र जरा थांबून सांगण्यासारखी आहे. जपानात चहा ही फुकट मिळणारी वस्तू. खानावळीत बसलं की पेला पुढे येतो. तो डब्यात भरून विकायचा हा विचारच तिथल्या लोकांना वेडगळ वाटला असणार. त्यात शास्त्राची अडचण होती. चहाला हवा लागली की तो तांबूस पडतो आणि निर्जंतुक करण्यासाठी तापवला की त्याला उकडलेल्या रताळ्यासारखा वास येतो. ‘इतो एन’ कंपनीची यात जवळपास दहा वर्षं गेली. डब्यातली हवा नायट्रोजनने हाकलून द्यायची युक्ती साधली, तेव्हा कुठे 1985 साली डबाबंद ‘सेन्चा’ दुकानात आला. तो फारसा खपला नाही. कारण साधं होतं: डब्यावर लिहिलेलं ‘सेन्चा’ हे चित्राक्षरातलं नाव बऱ्याच गिऱ्हाइकांना वाचताच येईना. मग 1989 मध्ये कंपनीने आपल्याच एका जुन्या दूरदर्शन जाहिरातीतली हाक उचलली आणि चहाला नाव दिलं ‘ओऽई ओचा’. मराठीत सांगायचं तर ‘अगंऽ, चहा!’ बैठकीत बसल्या जागेवरून स्वयंपाकघराच्या दिशेने टाकलेली ही हाक आपल्याही घरांना अनोळखी नाही. ज्या चहासाठी आता कोणालाही हाक मारावी लागत नाही, त्याच्यावर ती हाक छापलेली असावी हा विनोद कंपनीला कितपत कळला होता, कोण जाणे. पुढच्याच वर्षी हा चहा प्लास्टिकच्या बाटलीत आला.

त्याच 1989 पासून कंपनी हायकू स्पर्धा भरवते आणि निवडलेले हायकू बाटलीवर छापते. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू कवितासंग्रहांत आणि मासिकांत राहिला. तिकडे तो आगगाडीत रिकामी बाटली फिरवता फिरवता वाचला जातो. कवितेला एवढा वाचकवर्ग देणारं दुसरं प्रकाशन शोधावं लागेल.

‘रामुने’बद्दल मराठी वाचकाला फार सांगायला नको. तो आपला गोटीसोडाच. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 साली पेटंट घेतलेली गळ्यात गोटी अडकवलेली बाटली एका बाजूने हिंदुस्थानात आली, दुसऱ्या बाजूने जपानात गेली. आपल्याकडे ती बसस्थानकाबाहेर आणि जत्रेत ‘टॉक’ करून फुटते, तिकडे उन्हाळी उत्सवात. ‘रामुने’ हे नाव म्हणजे ‘लेमोनेड’चा जपानी उच्चार. हे पेय पहिल्यांदा कोणी केलं यावर तिथे जुना वाद आहे. नागासाकीवाले 1865 सालचा आपला माणूस पुढे करतात, तोक्योवाले 1872 च्या परवान्याचा दाखला देतात, तर कोबेवाले 1884 साली अलेक्झांडर कॅमरन सिम या स्कॉटिश औषधविक्याने सुरू केलेल्या विक्रीचा. प्रस्तुत लेखकाचं मत सिमच्या बाजूने झुकतं, पण त्याला पुराव्यापेक्षा त्या माणसाचा स्वभाव कारण आहे. कोबेतला खेळांचा क्लब त्याने 1870 मध्ये काढला, गावात आग लागली की विझवायला तो स्वतः धावायचा, आणि औषधांच्या दुकानात सरबत विकायचा. 1886 च्या पटकीच्या साथीत फसफसणाऱ्या पाण्याने रोग टळतो असं वर्तमानपत्रात छापून आलं आणि रामुनेचा खप एकदम चढला.

आज रामुने बनवतात ते छोटे कारखानदार. लहान उद्योगांची क्षेत्रं राखण्यासाठी 1977 साली झालेल्या कायद्याच्या आडोशाने बड्या कंपन्या या धंद्यापासून लांब राहिल्या आहेत. त्या छोट्यांपैकी काहींनी गिऱ्हाईक खेचायला करी आणि वासाबी चवीचा रामुने काढला. तो एकदा चाखावा, म्हणजे पुन्हा चाखावा लागत नाही.

इथपर्यंतचा प्रवास जिभेचा. पुढचा एका नावाचा आहे.

‘कॅल्पिस’. निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची बाटली, आत दुधाळ पांढरं, गोड-आंबट पेय. पियुषात भरपूर पाणी घातलं, वेलची-केशर काढून घेतलं आणि मागे किंचित फळासारखा आंबूस वास ठेवला, तर जे होईल ते. चक्का टांगल्यावर खाली गळणाऱ्या निवळीत साखर घालून पिणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांना तर ही चव घरची वाटेल. बाटली फिरवली, नावाची चौकशी केली आणि जे हाती लागलं त्याने खुर्चीतून उठायला लावलं. यातला ‘कॅल’ कॅल्शियमचा. ‘पिस’ मात्र संस्कृत ‘सर्पिस्’मधला.

सर्पिस् म्हणजे तूप. अमरकोशात ते घृत आणि आज्य यांच्या पंगतीला बसलेलं आहे. पातळ होऊन सरकतं म्हणून ‘सृप्’ धातूपासून सर्पिस्, अशी पारंपरिक व्युत्पत्ती. म्हणजे साप आणि साजूक तूप एकाच गोत्रातले. आयुर्वेदाच्या अभ्यासकाला हा शब्द रोजचा. पण तोक्योतल्या शीतपेयाच्या बाटलीत तो शिरला कसा?

शिरवणाऱ्याचं नाव मिशिमा काइउन. जन्म 1878, ओसाकाजवळच्या एका बौद्ध मठात. घराणं पुजाऱ्यांचं, शिक्षणही मठाच्याच शाळांमधलं. विशीच्या मध्यात तो चीनला गेला, शिकवायच्या निमित्ताने, आणि व्यापारात पडला. 1908 च्या सुमारास मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात हिंडताना त्याची प्रकृती पार ढासळली. तिथल्या धनगरांनी त्याला रोजच्या खाण्यातलं आंबवलेलं दूध दिलं. त्यानेच आपण उभे राहिलो, अशी त्याची जन्मभराची श्रद्धा होती. चीनमधला धंदा बुडाल्यावर 1915 साली तो मायदेशी परतला तेव्हा गाठीला पैसा नव्हता. होती ती ही श्रद्धा आणि लहानपणी कानावर पडलेली सूत्रं.

ती सूत्रं इथे महत्त्वाची. महापरिनिर्वाण सूत्राच्या महायान पाठात एक दृष्टांत आहे: गाईपासून दूध, दुधापासून दही, दह्यापासून लोणी, लोण्यापासून तूप, आणि तुपापासून ‘सर्पिर्मंड’, म्हणजे तुपाचाही निवळ सार. शिकवणही अशीच पायरी पायरीने शुद्ध होत जाते, असा त्याचा अर्थ. चीनमधल्या तिएन्ताय पंथाने या पाच चवींवर बुद्धाच्या उपदेशाचे पाच कालखंडच बेतले. त्यातल्या शेवटच्या पायरीला जपानीत ‘दाइगो’ म्हणतात. त्यावरून ‘दाइगोमी’ हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे, एखाद्या गोष्टीतली खरी गंमत, तिचा गाभा, या अर्थाने. आणि गंमत अशी, की हा शब्द वापरणाऱ्या देशात दूध जवळजवळ कोणी पीत नव्हतं. दरबारी मंडळी प्राचीन काळी ‘सो’ नावाचा दुधाचा आटीव पदार्थ खात, तोही पुढे बंद पडला. शेकडो वर्षं जपानी माणूस तुपाच्या साराची उपमा देत राहिला आणि तूप कसं लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं. न्याहारीला तूप-मेतकूट-भात खाणाऱ्या आपल्यासारख्यांना या दैन्याची कल्पना येणं कठीण.

मिशिमाने 1916 मध्ये पहिला पदार्थ काढला त्याचं नावच ‘दाइगोमी’. आंबवलेली साय. लोकांना ती आवडली, पण पुरेशी बनवता येईना. शिवाय साय काढून घेतलेलं दूध उरायचं, त्याचं काय करायचं हा प्रश्न होताच. पुढच्या वर्षी त्याने दह्यातले जिवंत जंतू घातलेली कॅरॅमेलची गोळी काढली. ती उन्हाळ्यात वितळली आणि तिच्याबरोबर भांडवलही. शेवटी त्या उरलेल्या, साय काढलेल्या आंबट दुधात साखर घालून ते एक-दोन दिवस तसंच राहू दिलं, तेव्हा त्याला ही अनपेक्षित चव आली. साखरेनंतर दुसऱ्यांदा जे आंबतं त्यात यीस्टचा हात असतो, हे आज माहीत आहे. तेव्हा तो निव्वळ योगायोग होता.

आता नाव. दाइगोचं संस्कृत सर्पिर्मंड. पाचांतलं सर्वश्रेष्ठ तेच, म्हणून त्यावरून ‘कॅल्पिल’सारखं काही करावं असं मिशिमाच्या मनात होतं. ते कानाला रुचेना. मग तो एक पायरी खाली उतरला, सर्पिर्मंडावरून सर्पिस्‌वर. हा निर्णय त्याने एकट्याने घेतला नाही. संस्कृतसाठी त्याने वातानाबे काइक्योकु या बौद्ध पंडिताचा सल्ला घेतला. जर्मनीत शिकून आलेले हेच वातानाबे पुढे चिनी त्रिपिटकाच्या प्रसिद्ध ‘ताइशो’ आवृत्तीचे एक संपादक झाले. उच्चारासाठी तो गेला संगीतकार यामादा कोसाकुकडे, त्यांनाही नाव पसंत पडलं. एका सरबताचं बारसं करायला त्रिपिटकाचा संपादक आणि देशातला अग्रगण्य संगीतकार! आजच्या जाहिरात कंपन्यांनी यापासून काही शिकायला हरकत नाही.

7 जुलै 1919 ला कॅल्पिस बाजारात आलं. तो तानाबाताचा, आकाशगंगेच्या दोन तीरांवरच्या प्रेमिकांच्या भेटीचा सण. बाटलीवरचे ठिपके 1922 मध्ये आले, ते त्या आकाशगंगेचे तारे. त्याच वर्षी ‘पहिल्या प्रेमाची चव’ ही जाहिरातीची ओळ छापली गेली. ती सुचवली होती मिशिमाच्या मठशाळेतल्या एका धाकट्या, मास्तरकी करणाऱ्या मित्राने. मिशिमा आधी बिचकला होता. लहान मुलं हे पितात, त्यांनी पहिलं प्रेम म्हणजे काय असं विचारलं तर? कॅल्पिसची चव म्हणून सांगावं, असं मास्तरांचं उत्तर. पुजाऱ्याच्या पोराला हे पटायला वेळ लागला, पण पटलं.

सप्टेंबर 1923 च्या भूकंपात तोक्यो बेचिराख झालं. दुसऱ्या दिवशी मिशिमाने तिजोरीतले पैसे काढले, ट्रक भाड्याने घेतले आणि बर्फ घातलेलं पातळ कॅल्पिस तहानलेल्या लोकांना वाटत फिरवलं. त्याच सुमारास, युद्धानंतरच्या महागाईत होरपळणाऱ्या युरोपीय चित्रकारांसाठी त्याने भित्तिचित्रांची स्पर्धा ठेवली. त्यातलं एका जर्मन चित्रकाराचं, नळीने पेय पिणाऱ्या काळ्या माणसाचं चित्र पुढे कंपनीची खूण बनलं. वंशभेदाचा आक्षेप आल्यावर ते मागे घ्यायला 1980 च्या दशकाची अखेर उजाडली. चित्राची कारागिरी वादातीत असली तरी आक्षेप रास्त होता, आणि उशिराच ऐकला गेला.

परदेशी बाजारात नावाने वेगळाच घोळ घातला. इंग्रजी कानाला ‘कॅल्पिस’ चक्क गोमूत्र ऐकू येतं. म्हणून अमेरिकेत तीच बाटली ‘कॅल्पिको’ नावाने विकतात. पंचगव्यातलं तूप घेऊन निघालेली बाटली इंग्रजीत पंचगव्यातल्याच दुसऱ्या पदार्थापाशी पोचली, याला काय म्हणावं!

चाखणाऱ्यासाठी एक सूचना. 1991 पासून मिळणारी तयार, पाणी घातलेली बाटली सोयीची आहे, पण शक्य तर मूळ दाट अर्क मिळवावा. कंपनी एकास चार पाणी सांगते. एकास तीन घालावं, बर्फ जास्त टाकावा आणि मधुर चवीचा पहिला लोट ओसरू द्यावा, मग खालचा ताकाचा आंबटपणा नीट लागतो.

मिशिमा 1974 मध्ये वयाच्या 96 व्या वर्षी गेला. त्याने ठेवलेल्या नावात राहून गेलेली एक विसंगती त्याला खात्रीने कळली असणार. सर्पिस् म्हणजे निव्वळ स्निग्धांश, आणि कॅल्पिस बनतं ते स्निग्धांश काढून घेतलेल्या दुधापासून. दुधाची तहान ताकावर भागवणं आपण ऐकलं होतं, इथे तर ताकालाच तुपाचं नाव आहे. मग काढलेला स्निग्धांश जातो कुठे? कंपनी त्याचं लोणी करते. पांढरट, सौम्य वासाचं हे लोणी जपानी बल्लवाचार्य हौसेने वापरतात. कॅल्पिसच्या साधारण तीस बाटल्यांमागे 450 ग्रॅमचं एक पाकीट निघतं. नावातलं सर्पिस् आहे ते त्या पाकिटात, कढवायचं तेवढं बाकी.