सादरीकरणातील स्लाइड-शो व बिनतारी रिमोटच्या अडचणी : कारणे व उपाय

प्रस्तावना :
अध्यापन, चर्चासत्रे आणि पीएच.डी.ची मौखिक परीक्षा यांत संगणकीय सादरीकरण आता नित्याचे झाले आहे. १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी प्रथम आलेल्या पॉवरपॉइंटने ओव्हरहेड प्रोजेक्टरवरील पारदर्शिकांची जागा कालांतराने घेतली. चर्चासत्रात शोधनिबंध मांडण्यासाठी बहुधा दहा-पंधरा मिनिटेच मिळतात. त्यांपैकी चार मिनिटे रिमोटची बटणे दाबण्यात गेली, तर निष्कर्ष मांडण्यापूर्वीच वेळ संपल्याची सूचना येते. दोष यंत्राचा असला तरी श्रोत्यांच्या मनावर ठसा उमटतो तो वक्त्याच्या अपुऱ्या तयारीचा. प्रस्तुत लेखात या अडचणींची कारणे व त्यांवरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

रिमोटचे कार्य :
प्रचलित रिमोटांपैकी बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतात. हातातील रिमोट आणि संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये बसवावयाचा छोटा रिसीव्हर असे त्याचे दोन भाग असतात. संगणक या रिसीव्हरला कीबोर्डच समजतो. ‘पुढे’चे बटण दाबले असता सामान्यतः ‘पेज डाउन’ ही कळ दाबल्याचा संदेश जातो. दोषनिदानाची किल्ली याच गोष्टीत आहे.

दोषनिदानाचा क्रम :
१) कीबोर्डवरील ‘पेज डाउन’ दाबून पाहावे. स्लाइड पुढे गेल्यास दोष रिमोटच्या बाजूचा आणि न गेल्यास सादरीकरणाच्या बाजूचा समजावा.
२) रिमोटचा लेझर ठळक उमटत असेल, तर बॅटरी बहुधा ठीक असते. तो मंद असल्यास प्रथम बॅटरी बदलावी.
३) रिसीव्हर आधीच्या वक्त्याच्या लॅपटॉपमध्ये किंवा रिमोटच्याच कप्प्यात राहून गेला नाही ना, हे पाहावे. तो काढून दुसऱ्या पोर्टमध्ये बसवावा व काही क्षण थांबावे.
४) पडद्यावर अन्य विंडो किंवा सूचनेची चौकट उघडली असल्यास कळीचा संदेश तिकडे जातो. स्लाइडवर माऊसने एकदा क्लिक करावे. मात्र त्यामुळे स्लाइड एक पाऊल पुढे सरकू शकते.
५) रिमोट कधी चालतो, कधी नाही, अशा वेळी अडथळा शोधावा. टेबलाखालील सीपीयूच्या मागील बाजूस बसविलेल्या रिसीव्हरला धातूच्या पेटीचा व वक्त्याच्या शरीराचाही अडसर होतो. यूएसबी ३.० उपकरणांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यत्यय येतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मधील तांत्रिक टिपणात दाखविले आहे. म्हणून पेनड्राइव्हच्या शेजारी रिसीव्हर न लावता तो पुढील पोर्टमध्ये किंवा यूएसबी एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणावा.

स्लाइड-शोमधील अडचणी :
सराव करताना नोंदविलेल्या वेळा फाईलमध्ये तशाच राहिल्यास स्लाइड आपोआप पुढे सरकतात. स्लाइड-शोच्या सेटिंगमध्ये ‘मॅन्युअल’ हा पर्याय निवडल्यास हे थांबते. एका स्लाइडवर पाच ॲनिमेशन क्लिकवर ठेवली असतील, तर बटण पाच वेळा दाबूनही स्लाइड तीच राहते; रिमोट बिघडल्याचा हा निव्वळ भास होय. वक्त्याच्या टिपा श्रोत्यांना दिसू लागल्यास प्रेझेंटर व्ह्यूमधून दोन्ही पडद्यांची अदलाबदल करावी. विंडोज संगणकावर ‘विंडोज’ व ‘पी’ या कळा एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोन्हीकडे एकच चित्र दिसते.

मराठी मजकुराची अडचण अधिक गंभीर आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. युनिकोडमध्ये टंकलेखन केल्यास फॉन्ट बदलला तरी मजकूर वाचनीय राहतो. शिवाय सादरीकरणाची पीडीएफ प्रत जवळ ठेवावी; त्यात ॲनिमेशन चालत नाही, परंतु अक्षरे जशीच्या तशी राहतात.

समारोप :
वरीलपैकी बहुतेक दोष सत्रापूर्वी त्याच सभागृहात, त्याच संगणकावर पाच मिनिटे चाचणी घेतल्यास उघड होतात. सत्र सुरू झाल्यावर दोष उद्भवल्यास एका मिनिटापेक्षा अधिक वेळ दुरुस्तीत घालवू नये. सहकाऱ्यास कीबोर्डजवळ बसवून खुणेने स्लाइड बदलावी व छापील टिपणांच्या आधारे विवेचन चालू ठेवावे. श्रोते विषय ऐकण्यासाठी आलेले असतात. रिमोट हे त्यासाठीचे केवळ साधन आहे.