ग्रंथव्यवहारातील ‘अभिकर्ता’ : संज्ञा व व्यवसाय

हिंगोलीच्या हळदपेठेतील अडत्या शेतकऱ्याचा माल शेतकऱ्याच्याच वतीने विकतो. माल त्याच्या मालकीचा होत नाही. ग्रंथव्यवहारातील अभिकर्त्याचे स्थान नेमके हेच होय. लेखनावरील स्वामित्व लेखकाचेच राहते. अभिकर्ता त्याच्या वतीने प्रकाशकाशी करार घडवून आणतो आणि मानधनातील ठराविक हिस्सा घेतो. लंडनमध्ये ए. पी. वॉट याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यवसाय रूढ केला. त्याचा हिस्सा शेकडा १० असे.

मराठीत लेखक-प्रकाशक संबंध बहुधा थेट असतो. भिडेपोटी करार न वाचताच स्वाक्षरी होते, आणि भाषांतर, चित्रपट इत्यादींचे हक्कही आवृत्तीबरोबर निघून जातात. या दृष्टीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १९ अभ्यसनीय आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी हवे. त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. म्हणजे करारातील मौन लेखकाला तारते. ‘सर्व हक्क कायमचे’ हे तीन शब्द मात्र ते संरक्षण हिरावून घेतात.

तेव्हा या व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्या भाषाभ्यासकाने प्रथम कराराची भाषा आत्मसात करावी. मुद्रण, भाषांतर, ध्वनी, चित्रपट हे हक्क वेगवेगळे मांडावेत; अन्य भाषांतील प्रकाशकांसाठी संहितेचा सारांश व काही पृष्ठांचे भाषांतर सिद्ध ठेवावे. त्याच्या सचोटीची कसोटी पेठेतीलच आहे. अडत माल विकल्यावरच निघते; लेखकाकडे आगाऊ पैसे मागणारा अभिकर्ता नव्हे.