बखर एका उंदराची

१९९०च्या दशकातली रविवारची सकाळ आठवते का? दूरदर्शनवर हिंदी बोलणारी बदकं यायची. एक कंजूष म्हातारा, त्याची सोन्याच्या नाण्यांनी भरलेली तिजोरी आणि तीन खट्याळ पोरं. मी तेव्हा विशीत होतो, पण धाकट्या भावंडांच्या मागे खुर्ची टाकून तेवढ्याच चवीनं बघायचो. आमचे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एकदा ते चहाचा कप हातात तसाच धरून पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी चित्रं काढतं तरी कोण रे? त्यांची नावं कुठं लिहितात?"

हा प्रश्न पाट्या रंगवणाऱ्यालाच पडणार. अब्बा पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, जेमतेम वाचता येईल अशा अक्षरांत आपलं नाव टाकायचे. काही दुकानदार ते राहू द्यायचे, काही पुसायला लावायचे.

मला उत्तर देता आलं नाही. लक्षात राहील असं ठळक नाव एकच, डिस्ने. पण वॉल्ट डिस्ने १९६६ सालीच वारले होते. ती बदकांची मालिका त्यानंतर वीसेक वर्षांनी तयार झाली. मग काढत कोण होतं? अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, तुकड्यातुकड्यानं मिळालं. ते दिलं या कंपनीच्या इतिहासावर निघालेल्या माहितीपटांनी. आज मला त्यांच्याविषयीच बोलायचं आहे. कारण घरादारानं मिळून बघावी अशी करमणूक विकणारी कंपनी स्वतःची गोष्ट सांगते तेव्हा ती कशी सांगते, आणि तीच गोष्ट दुसरा कुणी सांगू लागला की काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे बखरी आहेत. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवछत्रपतींची बखर लिहिली. बखर खोटी असते असं नाही. तीत प्रेम असतं, बारकावे असतात, दुसरीकडे न मिळणारी माहिती असते. पण ती वाचताना एक प्रश्न मनात जागा ठेवावा लागतो. ही लिहायला कोणी सांगितली?

डिस्नेची बखर थोडक्यात अशी. १९२३ साली वॉल्ट आणि रॉय या दोघा भावांनी लॉस एंजेलिसमध्ये लहानसा स्टुडिओ काढला. ऑसवाल्ड नावाचा त्यांचा ससा लोकप्रिय झाला, पण त्याचे हक्क वितरकाकडे होते. १९२८ साली ससा हातातून गेला, सोबत बरेचसे चित्रकारही गेले. मग उंदीर आला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी 'स्टीमबोट विली' हा बोलका लघुपट झळकला आणि मिकी माउस जगाला माहीत झाला. १९३७च्या डिसेंबरात 'स्नो व्हाइट' आला आणि स्टुडिओ कीर्तीच्या शिखरावर पोहोचला. एक माणूस, एक उंदीर, एक स्वप्न. ऐकायला गोड, सांगायला सोपी गोष्ट.

आता तो उंदीर कोणी काढला? अब आयवर्क्स नावाच्या चित्रकारानं. वॉल्टचा हा तरुणपणापासूनचा सोबती. बरेचसे सोडून गेले तेव्हा हा राहिला आणि मिकीची सुरुवातीची चित्रं त्यानं जवळजवळ एकहाती काढली. 'स्टीमबोट विली'च्या सुरुवातीच्या पाटीवर त्याचं नाव आहेही. पण १९३० साली तो बाहेर पडला, १९४० साली परत आला, तो तंत्रज्ञ म्हणून. जगाच्या लेखी मिकी एकट्या वॉल्टचाच झाला. १९९९ साली 'द हँड बिहाइंड द माउस' हा माहितीपट आला. उंदरामागचा हात! तो केला लेस्ली आयवर्क्स यांनी, म्हणजे अबच्या नातीनं.

पुढे माझ्या लक्षात आलं, की यातले बरेच माहितीपट चित्रकारांच्या आणि संगीतकारांच्या मुला-नातवंडांनीच केलेले आहेत. फ्रँक टॉमस या जुन्या चित्रकारावर आणि त्याच्या ऑली जॉन्स्टन या मित्रावर 'फ्रँक अँड ऑली' १९९५ साली निघाला, तो फ्रँकच्या मुलानं केला. 'मेरी पॉपिन्स'ची गाणी रचणाऱ्या शर्मन बंधूंवर २००९ साली 'द बॉइज' आला, तो दोघांच्या मुलांनी मिळून केला. सबंध जगाला एकत्र बसून गायला लावणाऱ्या या दोन भावांची घरं मात्र वर्षानुवर्षं एकमेकांपासून तुटलेली होती. चुलत भावंडांनी तो दुरावा लपवला नाही. म्हाताऱ्यांवरची मायाही लपवली नाही. घरच्या माणसानं सांगितलेल्या गोष्टीला अशी एक वेगळी चव असते. तिच्यात तक्रार असते, पण तिरस्कार नसतो.

या सगळ्या इतिहासाची खरी परीक्षा १९४१ सालात आहे. त्या जूनमध्ये कंपनीनं 'द रिलक्टंट ड्रॅगन' नावाचा चित्रपट लावला. त्यात रॉबर्ट बेंचली हा विनोदी लेखक स्टुडिओत फेरफटका मारतो आणि कार्टून कसं बनतं ते आपल्याला दिसतं. सगळे हसतमुख, सगळे मजेत. एका अर्थानं कंपनीनं स्वतःवर काढलेला माहितीपटच तो. आणि त्याच दिवसांत थिएटरबाहेर त्याच स्टुडिओचे चित्रकार हातात फलक घेऊन निदर्शनं करत होते. पडद्यावर हसरा स्टुडिओ, फुटपाथवर संपकरी स्टुडिओ.

संप २९ मे रोजी सुरू झाला होता. 'स्नो व्हाइट'नं पैसा आणला, कंपनी बरबँकच्या नव्या इमारतीत गेली. पण युरोपात युद्ध पेटलं, तिथली बाजारपेठ बंद झाली आणि १९४० सालच्या 'पिनोकिओ' व 'फँटसिया' या चित्रपटांनी तोटा दिला. पगारांत मोठी तफावत होती, नोकरकपातीची धास्ती होती आणि पडद्यावर नाव येईलच याची खात्री नव्हती. आर्ट बॅबिट हा स्टुडिओतला नामांकित चित्रकार. 'स्नो व्हाइट'मधली दुष्ट राणी जिवंत करणाऱ्यांपैकी एक. संघटनेत पुढाकार घेतला म्हणून त्याला काढून टाकलं आणि ठिणगी पडली. सरकारच्या मध्यस्थीनं मिटेपर्यंत संप काही आठवडे चालला. ऑगस्टमध्ये वॉल्ट निवडक कलाकारांना घेऊन, सरकारच्या पाठिंब्यानं, दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्या दौऱ्यावरही फ्रँक टॉमसच्याच मुलाचा 'वॉल्ट अँड एल ग्रुपो' हा माहितीपट २००८ साली आला. १९४७ साली वॉल्टनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, या संपामागे कम्युनिस्ट होते असं सांगितलं आणि काही नावंही घेतली.

म्हणून मी या विषयावरचा कुठलाही माहितीपट बघायला बसलो, की मनात एक टाचण ठेवतो. १९४१ किती मिनिटं आलं? काही ठिकाणी ते एका वाक्यात उरकतं. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनं २०१५ साली वॉल्ट डिस्नेंवर दोन भागांत चार तासांचा माहितीपट दाखवला. त्यात स्वप्नाळू वॉल्ट आहे आणि संपानं दुखावलेला, कडवट झालेला वॉल्टही आहे. मला तो माणूस त्यामुळे लहान वाटला नाही, उलट कळला.

आता न दाखवलेल्या माहितीपटाची गोष्ट. जुन्या स्टुडिओत एक कोंदट खोली होती. चित्रकार आपलं काम घेऊन तिथं बसायचे आणि वॉल्ट ते बघून निकाल द्यायचे. खोलीला नाव पडलं स्वेटबॉक्स, म्हणजे घाम फोडणारी खोली. हेच नाव घेऊन २००२ साली एक माहितीपट तयार झाला. झालं असं, की गायक स्टिंगला कंपनीनं एका नव्या कार्टूनपटासाठी गाणी लिहायला बोलावलं. त्यानं अट घातली, की माझी बायको या सगळ्या प्रक्रियेचं चित्रीकरण करील. ट्रुडी स्टायलर यांनी जॉन-पॉल डेव्हिडसन यांच्यासह कॅमेरा लावला. आणि कॅमेऱ्यासमोरच चित्रपट कोसळला. वरिष्ठांना गोष्ट पटली नाही. वर्षांची मेहनत बाजूला ठेवली गेली, दिग्दर्शक रॉजर ॲलर्स बाहेर पडले, गाणी गळाली. उरलेल्या सामानातून 'द एम्परर्स न्यू ग्रूव्ह' हा निराळाच विनोदी चित्रपट २००० साली उभा राहिला. त्याचा शेवटही बदलला. राजा दुसरीकडचं रान तोडून आपली करमणूकनगरी बांधतो, असा शेवट ठरत होता. स्टिंगनं पत्र लिहून त्याला विरोध केला.

'द स्वेटबॉक्स' टोरंटोच्या महोत्सवात आणि लॉस एंजेलिसमध्ये थोडे दिवस दिसला, मग कपाटात गेला. हक्क कंपनीकडे होते. २०१२ साली कुणीतरी तो इंटरनेटवर टाकला तेव्हा लोकांना पाहता आला. त्यात कसलीही भानगड नाही. आपलं काम टाकून दिलं जाताना माणसांचे चेहरे कसे होतात, एवढंच आहे. मला वाटतं, तेवढंच नको होतं. सुखान्त विकणाऱ्याला भानगडीपेक्षा उतरलेल्या चेहऱ्याची भीती जास्त वाटत असावी.

पण आतल्या माणसाला खरं बोलता येतच नाही, असंही नाही. निर्माते डॉन हान यांनी २००९ साली 'वेकिंग स्लीपिंग ब्यूटी' केला. १९८४ ते १९९४ ही त्यातली दहा वर्षं. सुरुवातीला बुडायला आलेला कार्टून विभाग. चित्रकारांना स्वतःच्या इमारतीतून उठवून ग्लेनडेलच्या गोदामवजा जागेत बसवलेलं. तिथून 'लिटल मरमेड', 'ब्यूटी अँड द बीस्ट', 'अलाद्दीन' आणि 'लायन किंग'. यशाबरोबर साहेबलोकांची भांडणंही वाढत गेली. हान यांनी आज बसून आठवणी सांगणारे चेहरे दाखवलेच नाहीत. त्या काळात हौसेनं केलेलं घरगुती चित्रीकरण आणि चित्रकारांनी काढलेली साहेबांची व्यंगचित्रं वापरली. कॅन्टीनमध्ये खपून जातं ते सत्य पडद्यावर आलं. गीतकार हॉवर्ड ॲशमन मार्च १९९१ मध्ये एड्सनं गेले. 'ब्यूटी अँड द बीस्ट' पूर्ण झालेला त्यांना पाहता आला नाही. त्यांच्यावरही हान यांनी २०१८ साली 'हॉवर्ड' केला आणि कंपनीच्याच वाहिनीवर तो २०२० साली आला. त्याच वाहिनीवर २०१९ साली लेस्ली आयवर्क्स यांची करमणूक उद्यानांवरची सहा भागांची मालिका आली. पॅरिसच्या उद्यानाचा सुरुवातीचा तोटा तिनं लपवलेला नाही. बखरकारही कधीकधी धन्यासमोर खरं बोलतो.

सर्वांत अलीकडचा धक्का मात्र डिस्ने आडनावाच्याच बाईनं दिला. ॲबिगेल डिस्ने या रॉय यांच्या नात. डिस्नेलँडमधल्या एका सफाई कामगाराचा निरोप त्यांना आला, की इथं काम करून पोट भरत नाही. त्यातून २०२२ साली कॅथलीन ह्यूज यांच्यासह केलेला 'द अमेरिकन ड्रीम अँड अदर फेअरी टेल्स' निघाला. २०१८ साली कंपनीच्या प्रमुखाची कमाई होती ६ कोटी ५६ लाख डॉलर. सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मध्ये येणाऱ्या माणसाच्या पगाराच्या ती १४२४ पट होती. नातीचं म्हणणं साधं होतं. माझ्या आजोबांनी उभ्या केलेल्या घराचा उंबरठा जो रोज पुसतो, त्याची गोष्ट या घराच्या इतिहासात धरायची की नाही?

आणि अजून कितीतरी जणी चौकटीबाहेर आहेत. 'स्नो व्हाइट'च्या काळात चित्रांवर शाई फिरवणाऱ्या, पारदर्शक पत्र्यांवर रंग भरणाऱ्या तरुण मुलींचा एक मोठा विभाग होता. १९३८ साली नोकरी मागणाऱ्या एका मुलीला कंपनीनं उत्तर पाठवलं होतं. चित्रं तयार करण्याचं सर्जनशील काम पुरुष करतात, बायकांनी रंगवावं, असा त्याचा आशय. स्नो व्हाइटला जगानं पाहिलं. तिला रंगवणारीचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

असा माहितीपट बघायचा तर मग कसा? चार गोष्टी विचाराव्यात. करायला कोणी सांगितला? जुनी चित्रफीत कोणाच्या कपाटातली? दाखवायचा की नाही हे कोणाच्या हातात? आणि चौकटीबाहेर कोण राहिलं? हे विचारल्यानं मिकीवरचं प्रेम कमी होत नाही. माझं तरी झालं नाही. उलट आता तो उंदीर शीळ घालत होडीचं चाक फिरवतो, तेव्हा मला त्याच्यामागे वाकून बसलेला एक माणूस दिसतो.

अब्बा आज नाहीत. आमच्या बाजारपेठेत त्यांची एक पाटी अजून आहे. दुकान बदललं, मालक बदलला, वरचा रंग उडाला. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा थांबून खालचा कोपरा पाहिला. त्या मालकानं पुसायला लावलं नव्हतं. नाव वाचता येतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)