हावियेर ते जुने गोवे: एका संताच्या दोन पायवाटा

मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला चढून गेलेल्या माणसाला साडेतेराशे मीटर उंची म्हणजे काय, हे पायांनी ठाऊक असते. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतात एक खिंड आहे. तिची उंची महाबळेश्वरापेक्षा थोडी जास्त, सुमारे १,४३० मीटर. सान-झां-पिए-द-पोर या फ्रेंच गावातून सकाळी निघालेले यात्रेकरू ही खिंड चढतात आणि संध्याकाळपर्यंत रोन्सेस्व्हायेसच्या मठात मुक्कामाला उतरतात. अंतर सुमारे २५ किलोमीटर, म्हणजे मेढा ते सातारा एवढेच. ही पहिली मजल. शेवटची मजल सांतियागो दे कोंपोस्तेला या शहरात संपते आणि तोवर सुमारे ७८० किलोमीटर चालून झालेले असतात.

ही वाट खिंडीतून नवार्रा या प्रांतात उतरते. याच नवार्रात १५०६ मध्ये एक मूल जन्मले. ते मोठे होऊन गोव्यात आले, जपानपर्यंत गेले आणि मृत्यूनंतर पुन्हा गोव्यात परतले. आज नवार्रातले लोक दर मार्चमध्ये त्याच्या जन्मघराकडे चालत जातात. आणि सावंतवाडी, बेळगाव, कारवारकडचे भाविक दर नोव्हेंबरात त्याच्या शवपेटीकडे चालत येतात. एकाच माणसासाठी पृथ्वीच्या दोन भागांत दोन पायी यात्रा चालू आहेत. तो माणूस म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, गोव्याच्या भाषेत ‘गोंयचो सायब’.

यात्रेच्या वाटेजवळचे घर

येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब याला स्पेनमध्ये सांतियागो म्हणतात. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात त्याची कबर सापडल्याची वार्ता नवव्या शतकाच्या पूर्वार्धात पसरली. अस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो याने तिथे पहिले देऊळ बांधवले. आज दिसणाऱ्या कॅथेड्रलचे काम १०७५ मध्ये सुरू झाले आणि १२११ मध्ये त्याचे विधिपूर्वक समर्पण झाले. बाराव्या शतकात तयार झालेल्या ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या हस्तलिखिताचा पाचवा भाग म्हणजे या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी लिहिलेली मार्गदर्शिका आहे. मजली कुठे संपतात, कुठल्या नदीचे पाणी प्यावे, कुठल्या नदीचे पिऊ नये, वाटेत कोणाची थडगी आहेत, हे सगळे त्यात आहे. मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न नऊशे वर्षांपूर्वीच्या यात्रेकरूलाही तेवढाच महत्त्वाचा होता.

रोन्सेस्व्हायेसवरून येणारी वाट पांप्लोना शहरातून जाते. दुसरी एक वाट पूर्वेकडून, आरागोन प्रांतातून सांग्वेसा गावावरून येते. पुएन्ते ला रेइना या गावाजवळ दोन्ही एक होतात. तिथे यात्रेकरूंसाठी अकराव्या शतकात बांधलेला दगडी कमानींचा पूल आजही वापरात आहे. सांग्वेसापासून सुमारे आठ किलोमीटरवर हावियेरचा किल्ला आहे. ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस्कोचा जन्म इथे झाला आणि किल्ल्याच्या नावावरूनच तो पुढे झेवियर म्हणून ओळखला गेला.

तो सहा वर्षांचा असताना, १५१२ मध्ये, कॅस्टिलच्या फौजांनी नवार्राचे राज्य जिंकले. १५१६ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस यांच्या हुकुमाने हावियेरचे बुरूज पाडले गेले. पडक्या तटांच्या घरात वाढलेला हा मुलगा १५२५ मध्ये शिकायला पॅरिसला गेला. तिथे त्याला इग्नेशियस लोयोला भेटला. इग्नेशियस हा १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडलेला सैनिक होता. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतले. त्यातूनच १५४० मध्ये पोपच्या मान्यतेने जेझुइट संघ उभा राहिला.

लिस्बन, गोवा, जपान

७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, झेवियर लिस्बनहून जहाजावर चढला आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, गोव्यात उतरला. पुढची दहा वर्षे तो थांबला असा नाहीच. दक्षिणेतला मोती काढणाऱ्यांचा किनारा, मलाक्का, मसाल्याची मोलुक्का बेटे, आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानमधले कागोशिमा. चीनमध्ये शिरण्याची वाट पाहत असताना, ३ डिसेंबर १५५२ रोजी, सांचियान या बेटावर त्याचे निधन झाले.

त्याचे मोठेपण सांगताना इतिहासाचे दुसरे पानही उघडे ठेवले पाहिजे. १५४६ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आणण्याची मागणी केली होती. ते त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आले आणि गोव्याच्या लोकांनी त्याचा जाच अडीचशे वर्षे सोसला. आज जुन्या गोव्याकडे चालणाऱ्या भाविकाच्या मनात मात्र असतो तो आजारपणात हाक ऐकणारा सायब.

सांचियानला त्याचे शव चुन्यात पुरले होते. काही महिन्यांनी उकरले तेव्हा ते कुजलेले नव्हते, असे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. ते मलाक्काला आणि तिथून मार्च १५५४ मध्ये गोव्याला आणण्यात आले. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये झेवियर आणि इग्नेशियस या दोघा मित्रांना एकाच दिवशी संतपद मिळाले.

मांडवीकाठची पदयात्रा

जुन्या गोव्यातले बॉम जेझस बॅसिलिका १५९४ मध्ये बांधायला घेतले आणि १६०५ मध्ये पूर्ण झाले. भिंती आपल्याच सह्याद्रीच्या जांभ्या दगडाच्या. वरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकल्यामुळे आता तो दगड उघडा, तांबडा दिसतो. आत संताची चांदीची पेटी आहे. गोव्याच्या कारागिरांनी ती १६३६-३७ मध्ये घडवली. पेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने केला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो भेट म्हणून पाठवला आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. गोव्यातली ही चर्चे आणि मठ १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

२४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर या नऊ दिवसांची नोव्हेना आणि ३ डिसेंबरचे फेस्त हा पदयात्रेचा हंगाम. पाऊस सरलेला असतो, भाताची कापणी उरकलेली असते, रात्री चालण्याजोगा गारवा आलेला असतो. गोव्यातले भाविक गावागावांतून रात्री निघतात आणि पहाटेच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बॅसिलिकेच्या आवारात पोहोचतात. लांबून येणाऱ्यांच्या वाटा मुख्यतः तीन. उत्तरेची सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा अशी. पूर्वेची बेळगावहून घाट उतरून येणारी, तिचे अंतर शंभर किलोमीटरच्या वर जाते. दक्षिणेची कारवारहून काणकोण आणि मडगाववरून येणारी.

यात्रेकरूंचे जथे रोझरी म्हणत, भजने गात चालतात. उन्हाच्या वेळी चर्च, कोपेल (छोटे प्रार्थनाघर) किंवा शाळेच्या आसऱ्याला थांबतात. कोणाचा नवस असतो, कोणाची आईवडिलांपासून चालत आलेली रीत. गोव्यात ख्रिस्तींखेरीज हिंदू घरांतूनही सायबाच्या दर्शनाला माणसे जातात.

पणजीकडून येणाऱ्यांची वाट रायबंदरच्या बांधावरून जाते. खाजणातून, दलदलीतून नेलेला तीन किलोमीटरांहून लांब असा हा दगडी मार्ग १६३३-३४ मध्ये, व्हाइसरॉय लिन्यारेसच्या काळात बांधला गेला. जवळजवळ चार शतके तो वाहतुकीचा भार पेलतो आहे. पदयात्री त्यावरून चालतात तेव्हा त्यांच्या पायांखाली संताच्या चांदीच्या पेटीएवढेच जुने बांधकाम असते.

१९६४ पासून दर दहा वर्षांनी संताचे अवशेष बॅसिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी नेले जातात. मागचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. त्यासाठीही असंख्य माणसे चालत आली.

मार्चमधली नवार्रा

आता दुसरे टोक. १८८५ मध्ये नवार्रात पटकीची साथ आली. त्या संकटात संताला नवस बोलला गेला आणि तो फेडायला पुढच्या वर्षी लोक हावियेरच्या किल्ल्याकडे चालत गेले. १९४० पासून ही यात्रा दरवर्षी, मोठ्या संख्येने होऊ लागली. तिला ‘हावियेरादा’ म्हणतात. मार्चच्या सुरुवातीला, झेवियरच्या संतपदाच्या दिवसाला जोडून येणाऱ्या नोव्हेनेच्या काळात, पांप्लोनाचे यात्रेकरू सुमारे ४५ किलोमीटर चालून सांग्वेसाला येतात. तिथून किल्ल्यापर्यंतचे आठ किलोमीटर ते क्रुसाच्या वाटेची प्रार्थना म्हणत, सगळे मिळून चालतात. किल्ल्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर मिस होते. मार्चात तिथे थंडी असते, पाऊसही पडतो. तरी तरुण मुलामुलींचे गट रात्रभर चालतात.

जन्मघराकडे एक यात्रा आणि शवपेटीकडे दुसरी. दोन्हींच्या मधल्या हजारो किलोमीटरांत या माणसाचे सारे आयुष्य मावलेले आहे.

मुक्काम राखणारी माणसे

संतामुळे वाट सुरू होते, पण ती टिकते मुक्काम राखणाऱ्यांमुळे. सातारा जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा याच जिल्ह्यातल्या आरफळचे. इ.स. १८३२ च्या सुमारास त्यांनी दिंड्यांचा क्रम, मुक्काम आणि सोहळ्याची शिस्त घालून दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व सोहळ्यात आले तेही त्याच काळापासून. आजही पालखी नीरा नदी ओलांडून जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांवरून पुढे जाते. आळंदीपासून सुमारे अडीचशे किलोमीटरांची ही वाट लाखो माणसे सुखरूप चालतात, कारण कुठे थांबायचे, कोणामागे कोण चालायचे, भिशीचा स्वयंपाक कुठे होणार, हे सगळे आधी ठरलेले असते.

सांतियागोच्या वाटेवर हेच काम एलियास वालीन्या नावाच्या पाद्रीने केले. गालिसियाच्या डोंगरातल्या ओ सेब्रेइरो या वाडीवजा गावात ते धर्मगुरू होते. तोवर वाट जवळजवळ मोडली होती. वालीन्यांनी जुने दस्तऐवज धुंडाळून मूळ मार्ग शोधला. १९८४ मध्ये पिवळ्या रंगाचे डबे गाडीत टाकून ते निघाले आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढत गेले. १९८५ मध्ये सांतियागोला पोहोचून प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या हजारही नव्हती. २०२४ मध्ये ती सुमारे पाच लाख झाली. १९८७ मध्ये युरोप परिषदेने या वाटेला आपला पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान दिला आणि १९९३ मध्ये स्पेनमधली फ्रेंच वाट जागतिक वारशात गेली. त्याआधी एक माणूस हातात कुंचला घेऊन वाटेवर उतरला होता, हे विसरता येत नाही.

गटाने चालायचे तर

आज सांतियागोच्या वाटेवर मार्गदर्शकासह जाणारे गट पुष्कळ असतात. बहुतेक गट सारिया गावापासून सुरुवात करतात. तिथून सांतियागो सुमारे ११५ किलोमीटर असून ते पाच-सहा दिवसांत होते. रोजची मजल वीस-पंचवीस किलोमीटरांची. गटाचे सामान गाडीने पुढच्या मुक्कामाला जाते, पाठीवर फक्त पाणी आणि रेनकोट. दिंडीचा ट्रक सामान घेऊन पुढच्या तळावर जातो, तशीच ही रीत. मार्गदर्शक वाटेतल्या देवळांची, पुलांची माहिती सांगतो, मागे राहिलेल्यांकडे लक्ष ठेवतो, पायांना आलेल्या फोडांचीही काळजी घेतो. स्वतंत्र चालणारे ‘आल्बेर्गे’ नावाच्या यात्रेकरूंच्या धर्मशाळांत उतरतात.

प्रत्येकाजवळ ‘क्रेदेन्सिआल’ नावाची घडीची पत्रिका असते. चर्च, धर्मशाळा, खानावळी तिच्यावर शिक्के मारतात. किमान १०० किलोमीटर चालल्याचे आणि त्या टप्प्यात रोज दोन शिक्के घेतल्याचे दिसले, की सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयातून लॅटिन भाषेतले प्रमाणपत्र मिळते. पाठीवरच्या पिशवीला शिंपला बांधायची मध्ययुगीन रीतही चालू आहे. जवळच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा शिंपला हीच तिथे पोहोचल्याची जुनी खूण.

२५ जुलै हा संत याकोबाचा सण रविवारी येतो ते वर्ष पवित्र वर्ष मानतात. तसे पुढचे वर्ष २०२७ आहे. त्या वर्षी गर्दी फार असेल. जाणाऱ्यांनी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा.

पण मेढ्याकडच्या, जावळीतल्या माणसाला या परंपरेत पाऊल टाकण्यासाठी पासपोर्टची गरज नाही. मेढ्याहून सातारा, कोल्हापूर, आंबोली घाट असे करत सावंतवाडीला पोहोचता येते आणि तिथून जुने गोवे साधारण तीन दिवसांच्या चालीवर आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या रस्त्यावर चालणारी माणसे दिसतील. त्यांच्याबरोबर चालायचे असेल तर आधी सावंतवाडीच्या किंवा आपल्या ओळखीच्या चर्चमध्ये चौकशी करावी, गटप्रमुखाचे ऐकावे, रात्री चालताना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि हातात दिवा ठेवावा. धर्म वेगळा असला तरी वारीची सवय असलेल्या पायांना ही शिस्त ओळखीची वाटेल. आणि जिथे मुक्काम मिळेल तिथे दोन हातांनी काम करावे, झाडलोट असो की पाणी भरणे. हैबतबाबांनी आणि वालीन्यांनी राखलेली वाट पुढच्या माणसाला सापडते, ती अशाच हातांमुळे.