गचका कुठे जिरतो, आवाज कुठे अडतो

राळेगावच्या स्टँडवर मी पिवळ्या पाटीची वॅगन आर लावतो. गिऱ्हाईक बहुतेक दवाखान्याचं: यवतमाळचं सरकारी रुग्णालय, सेवाग्राम, सावंगी. कापसाच्या हंगामात मात्र एका जिनिंगवाल्या शेठचा फोन येतो आणि त्यांची मर्सिडीज ई क्लास घेऊन मी त्यांना नागपूरच्या विमानतळावर सोडतो. एक गाडी सहा-सात लाखांची, दुसरी ऐंशी लाखांच्या घरातली. स्टँडवरचे विचारतात, "खरंच एवढा फरक हाये का भाऊ?" फरक आहे. पण तो सगळ्या रस्त्यांवर सारखा नाही, आणि लोकांना वाटतो त्या जागी तर नाहीच.

आधी रस्त्याचं बघू. आमची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबरही तिच्याबरोबर वरखाली होतं. त्यामुळे खड्डे बुजवले तरी रस्त्याला लाटा राहतात. खड्डा आणि लाट ही दोन वेगळी दुखणी आहेत. खड्ड्याचा टोकदार गचका आधी टायर आणि रबरी बुश झेलतात. लाटेवरचं डोलणं स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर आवरतात. स्प्रिंगचं काम धक्का घेण्याचं, शॉकॲब्सॉर्बरचं काम स्प्रिंगला नाचू न देण्याचं.

माणसाचं शरीर सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यांत हळवं असतं. म्हणून गाडी बनवणारे स्प्रिंग अशी निवडतात, की वरचा सांगाडा सेकंदाला एक-दीड वेळाच डोलावा. तेवढं डोलणं अंगाला सोसतं. बोलेरोच्या मागे पाटे असतात. ते ओझं छान पेलतात, पण रिकाम्या गाडीत मागे बसलेल्याला उडवतात.

आता माझ्या दोन गाड्या. वॅगन आरच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर जेमतेम २.४ मीटर, लांब ई क्लासचं तीन मीटरच्या वर. एकाच उंचवट्यावर आखूड गाडी जास्त कलते, लांब गाडी कमी. वॅगन आरची मागची दोन्ही चाकं एका आडव्या तुळईने जोडलेली असतात, त्यामुळे डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्या बाजूलाही हिसका बसतो. मर्सिडीजचं प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. शिवाय तिचं वजन माझ्या गाडीच्या दुपटीहून जास्त. जड सांगाड्याला हलकं चाक सहजासहजी हलवू शकत नाही. एस क्लाससारख्या गाड्यांत तर पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात आणि गाडी चालू असतानाच त्यांचा कडकपणा बदलतो.

तरीही राळेगाव-कळंब रस्त्यावर, चाळीसच्या वेगात, शेठची गाडी बारा पट सुखाची वाटत नाही. महागड्या गाड्यांना बऱ्याचदा मोठी रिम आणि पातळ टायर असतो. टायरवर २४५/४० लिहिलेलं असेल तर रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर. १५५/८० च्या साध्या टायरची भिंत १२४ मिलिमीटर भरते. मऊ झेल आधी तिथेच मिळतो. पातळ टायर दिसायला देखणा, पण धारदार खड्ड्यात गचका सरळ आत पाठवतो, आणि वर रिम वाकायची धास्ती.

खरा फरक कळतो तो वडकीला ४४ नंबरच्या महामार्गाला लागल्यावर. तिथे पैसा कानाला कळतो. गाडीतला आवाज तीन वाटांनी येतो: इंजिन, टायर आणि वारा. सावकाश चालताना इंजिन ऐकू येतं. पन्नास-साठच्या पुढे टायरची घरघर वर येते. शंभरीजवळ वाराही बोलू लागतो. वेग ८० वरून १०० केला, की वाऱ्याचा आवाज पाच-सहा डेसिबलने चढतो. दहा डेसिबल वाढले, की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ताशी १०० च्या वेगात छोट्या गाडीत सत्तर डेसिबलच्या आसपास आवाज असतो, आलिशान गाडीत साठ-बासष्टच्या. आकडा लहान दिसतो, पण बोलताना घसा कळतो.

एवढी शांतता येते कुठून? दाराला दुहेरी रबर, दोन काचांमध्ये आवाज गिळणारा पातळ थर, चाकाच्या कमानीत जाड नमदा, पत्र्याखाली कंप मारणारे थर. माझ्या एक लिटरच्या इंजिनला तीन सिलिंडर, त्यामुळे सिग्नलला उभं राहिलं तरी स्टिअरिंग थरथरतं. शिवाय आवाज पाण्यासारखा आहे, एक फट मिळाली की आत येतोच. म्हणून नुसता दारात थर चिकटवून घेतला, की दार लावताना 'धप्प' असा श्रीमंत आवाज येतो, पण टायरची घरघर फारशी कमी होत नाही. रोल्स-रॉइसने २०२० च्या घोस्टमध्ये शंभर किलोंहून जास्त आवाजरोधक माल घातला, आणि आतली शांतता इतकी झाली, की माणसाला अस्वस्थ वाटू नये म्हणून त्यांना एक बारीक सूर मुद्दाम राखावा लागला. विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाज नाही, म्हणून तिच्यात टायर आणि वारा उलट जास्त जाणवतात. आपल्याकडे या सगळ्याचं मोजमाप पुण्याची एआरएआय ही संस्था करते. ती १९६६ पासून आहे.

ही चैनीची चर्चा वाटेल. माझ्या गिऱ्हाइकांना ती चैन नाही. मणक्याचा रोगी, टाके घातलेली बाळंतीण, हाड मोडलेला म्हातारा यांना हादरा म्हणजे कळ. त्यांच्यासाठी ऐंशी लाख लागत नाहीत. कंबर दुखणाऱ्याला मागे बसवू नका. छोट्या गाडीची मागची सीट जवळपास मागच्या चाकांवर असते, तिथे गचका सर्वांत जास्त. पुढची सीट थोडी मागे कलवून, पट्टा लावून बसवा. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना, सकाळीच तपासा. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरचा आकडा फसवा असतो. 'चार पौंड जास्त मार' म्हणणाऱ्याची गाडी दगडासारखी चालते, आणि कमी हवेचा टायर महामार्गावर तापून फुटतो. गाडीचा कोपरा दाबून सोडा. ती दोन-तीनदा डोलत राहिली तर शॉकॲब्सॉर्बर गेला. वेगासोबत वाढणारी एकसुरी घूं-घूं ऐकू आली तर बेअरिंग दाखवून घ्या. दाराचं फाटलेलं रबर बदला, खर्च थोडा आणि फरक लगेच.

आणि सर्वांत स्वस्त उपाय ड्रायव्हरच्या पायात असतो. खराब रस्त्यावर साठऐवजी चाळीस धरा. माझा निवाडा असा: रोज महामार्गावर दोनशे किलोमीटर जाणाऱ्याने शांततेला पैसे मोजावेत, ते वाया जात नाहीत. तालुक्यातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने जाड टायरची साधी गाडी घ्यावी आणि वाचलेले पैसे देखभालीला ठेवावेत. घेण्याआधी शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर चक्कर मारू नका. आपल्या गावच्या रस्त्यावर, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मागे बसवून चालवून बघा, आणि गाडी कशी आहे ते त्यांनाच विचारा.