तलवारींवरील कूटलेख व त्यांची परीक्षा

गेल्या वर्षीं कोल्हापुरांतील एक सद्‌गृहस्थ एक तलवार घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले. लेखकाचा व्यवसाय शाळामास्तराचा व विद्या संस्कृताची. परंतु पात्यावर देवनागरी अक्षरें होतीं, तीं पाहून अभिप्राय द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. लेख असा: ‘श्री छत्रपति शिवाजी महाराज शके १५८१ आनंद संवत्सरे’. अक्षरांत सोनें भरलेलें दिसत होतें. किंमत गृहस्थांनीं सांगितली नाहीं; वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा विकून घेतली, एवढेंच म्हणाले.

लेख खोटा आहे हें समजण्यास पंचांगाइतकेंच ज्ञान पुरेसें होतें. शके १५८१ हें अफजलखानाच्या वधाचें वर्ष. ती तारीख १० नोव्हेंबर १६५९ ही होय. लेख घडविणाऱ्यानें प्रसंग मोठा निवडला यांत शंका नाहीं. परंतु ‘छत्रपति’ हें बिरुद राज्याभिषेकाचें, आणि तो शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, ६ जून १६७४ रोजीं झाला. म्हणजे बिरुद पंधरा वर्षें आधींच तलवारीवर येऊन बसलें. संवत्सराची परीक्षा तर याहून सोपी आहे. शकाच्या अंकांत १२ मिळवून ६० नें भागावें. बाकी उरेल तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा. १५८१ घेतल्यास बाकी ३३, म्हणजे विकारी. १५९६ घेतल्यास ४८, म्हणजे आनंद. कूटकारानें वर्ष वधाचें घेतलें आणि संवत्सर राज्याभिषेकाचा. दोन्ही त्यानें कोठें तरी वाचले असले पाहिजेत. जुळवून पाहिले नाहींत. कोणत्याही शककालीन लेखावर, मग तो तलवारीवर असो वा तोफेवर, हा हिशेब प्रथम करावा.

अक्षरांचें वळणही बोलकें असतें. शिवकालीन नाण्यांवर देवनागरी अक्षरें आहेतच. शिवराईच्या एका अंगास ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ असें असतें. पण तेथें ऱ्हस्वदीर्घ एकसारखें नाहीं आणि अक्षरें ओबडधोबड, कमीअधिक जाडीचीं आहेत. आमच्यापुढील लेखांत प्रत्येक उभी रेघ दुसरीइतकीच जाड व शिरोरेषा पट्टीनें आंखल्यासारखी होती. हें छापखान्याचें वळण, छिन्नीचें नव्हे. मात्र एकट्या वळणावरून निकाल देऊं नये, कारण चतुर कारागीर जुनें वळण गिरवूं शकतो.

याहून दृढ प्रमाण धातूंतच असतें. जुन्या पात्यावर गंजानें बारीक खड्डे पडलेले असतात. भिंगाखालीं पाहावें, कीं खड्डा अक्षराला खातो आहे, कीं अक्षर खड्ड्याला कापून जातें आहे. अक्षर जुनें असेल तर त्याची कड गंजानें जागोजागीं कुरतडलेली दिसेल व अक्षराच्या तळाशीं बाजूच्या पात्यावर असतो तसाच काळसर, घट्ट बसलेला थर असेल. अक्षर नवें असेल तर त्याची रेघ खड्ड्यांतून तशीच धारदार निघून जाते. येथें शैली, परंपरा, घराण्याची कीर्ति यांपैकीं कशाचीच साक्ष लागत नाहीं. केवळ पौर्वापर्य पाहावयाचें. आमच्या तलवारीवर ‘शिवाजी’ या शब्दांतील ‘वा’चा काना तीन खड्डे छेदून गेला होता. तळाशीं होता तो नारिंगी, भुकटीसारखा गंज. तो काडीनें निघाला. असा गंज रसायनानें थोडक्या दिवसांत आणतां येतो.

सोन्याचेंही तसेंच. कोफ्तगारींत लोखंडावर आडव्याउभ्या बारीक रेघा मारून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवितात. सोनें झिजलें तरी खालील जाळी दिसते. तहनिशानांत खोल खोबणींत सोनें ठासतात. येथें जाळी नव्हती आणि खोबणही नव्हती. गृहस्थांच्या अनुमतीनें एका टोकास स्पिरिटाचा बोळा लावतांच कापूस पिवळा झाला.

परदेशांत दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन वैमानिकांच्या चामडी जाकिटांचा असाच व्यापार चालतो. साध्या जुन्या जाकिटावर एखाद्या नामांकित पथकाचें चिन्ह शिवलें कीं किंमत वाढते. जाणते लोक चिन्हाची कड उचलून खालचें चामडें पाहतात. चिन्ह युद्धकाळापासून तेथें असेल तर त्याखालचा रंग भोंवतालच्या चामड्याइतका उडालेला नसतो. तलवारीच्या खड्ड्याचाच हा न्याय.

आतां एक सावधगिरी. खोटें चिन्ह असलेलें प्रत्येक शस्त्र आजच्या लबाडीचें नसतें. जर्मनींतील पासाऊ गांवच्या पात्यांवर लांडग्याची खूण असे; ती झोलिंगेनच्या लोहारांनीं उचलली. जिनोआची कोयत्यासारखी खूण आपल्याकडील लोहारांनींही फिरंगी पात्यांच्या नकलांवर मारली. पहिल्या शाह अब्बासाच्या काळाशीं (१५८७ ते १६२९) जोडला जाणारा इस्फहानचा असदुल्ला तर इतक्या पात्यांवर सही करून बसला आहे, कीं एका माणसाच्या हातून तीं होणें अशक्य. हीं चिन्हें खोटीं, पण जुनीं. त्या काळीं कोणत्या मालास मान होता हें तीं सांगतात, म्हणून इतिहासास उपयोगी आहेत. आजचा कूटलेख मात्र जुन्याचें नांव घेऊन संशोधकाच्या टांचणांत शिरतो, तेथून पुस्तकांत जातो, आणि पुढें त्याच पुस्तकाच्या आधारें दुसरी तलवार विकली जाते. कूटशासन करणाऱ्यास मनूनें देहांत दंड सांगितला आहे. एवढी कठोरता प्रस्तुत लेखकाला मान्य नाहीं, पण राग समजतो.

खरे लेख बहुधा निरस असतात, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें. बीकानेरच्या शिलेखान्यांतील कित्येक शस्त्रांवर ठिपक्यांनीं कोरलेले देवनागरी लेख आहेत. १६८९ च्या अदोनीच्या लुटींतील शस्त्रेंही त्यांत आहेत. त्या लेखांत पराक्रमाचें काव्य नाहीं, कोठाराची नोंद आहे. १८७५-७६ त इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानांत आले असतां करवीरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनीं त्यांस दिलेली तलवार आज तेथील राजसंग्रहांत आहे. तिचें पातें युरोपीय असून त्यावर येशूच्या नांवाचीं संक्षिप्त रोमन अक्षरें आहेत. ती शिवछत्रपतींची म्हणून मानली जाते ती परंपरेवरून व संग्रहाच्या यादीवरून. पात्यावरील नांवावरून नव्हे. कूटकाराच्या हातीं ती सांपडती तर त्यानें पात्यावर ख्रिस्ताचें नांव खचित घातलें नसतें.

राहतां राहिली आमच्या गृहस्थांची तलवार. लेख बाजूला ठेवून पाहिलें तर पातें सरळ, दोन पन्हळींचें, जुनें फिरंगी वाटलें. मूठही राळेनें जुन्या रीतीनें बसविलेली होती. म्हणजे मूळ वस्तु चांगली होती, आणि तिच्यावर छिन्नी चालवून कोणी तरी ती विद्रूप केली. गृहस्थांनीं विचारलें, अक्षरें घांसून काढावीं काय? काढूं नयेत, असें सांगितलें. घांसतांना खड्डेही जातील व पात्याच्या वयाचा पुरावाही त्यांबरोबर जाईल. त्यांच्या विनंतीवरून वरील सर्व निरीक्षण एका कागदावर लिहून, तारीख व सही घालून दिलें. तो कागद त्यांनीं म्यानाबरोबर कापडांत बांधून ठेवला आहे.